गणपतीला गावी नेण्यासाठी पाचशेच्या आतल्या भेटी, ज्यांनी घरचा पैसा टिकेल

प्रश्न थोडक्यात असा आहे: गणपतीला मुंबईहून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे गावी जायचंय. घरी आई-वडील, काका-काकू, भाऊ-वहिनी आणि मुलं आहेत. माणशी पाचशेच्या वर खर्च झेपणार नाही. मिठाईचे पुडे आणि साड्या दरवर्षी होतातच, यंदा पैशाच्या बाबतीत उपयोगी पडेल असं काय द्यावं?

वस्तू निवडण्याआधी किनारपट्टीवरच्या घरात पैसा कधी येतो ते बघा. काजू बी फेब्रुवारी ते मे, आंबा मार्च ते मे, भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. होडीवर जाणाऱ्यांची कमाई १ जूनला मासेमारीबंदी लागली की थांबते. खर्च मात्र उलट्या क्रमाने येतो. मे अखेरीस आगोटीची (पावसाळ्याआधीची) बेगमी, घराची शाकारणी किंवा कौलं, जूनमध्ये शाळा, मग पावसातली आजारपणं, आणि हात सगळ्यात रिकामा असताना गणपती. म्हणून इथे उधारी साधारण जुलैपासून चढते आणि आंब्याच्या पैशातून फिटते. भेट उपयोगी पडायची तर तिने यापैकी एक तरी काम करावं: मे महिन्यातला पैसा सप्टेंबरपर्यंत पोचवावा, दर महिन्याची एखादी गळती बंद करावी, किंवा हक्काचा पैसा मिळायला लागणारा कागद वेळेवर हाती यावा. आणि वस्तूबरोबर तुमचा अर्धा तास द्या. हिशेबाची कोरी वही दिली तर ती मुलांच्या चित्रकलेला जाते. पहिली चार पानं भरून दिली तर ती वापरात येते. यातल्या प्रत्येक भेटीला हे लागू आहे.

सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक घरांत सगळ्यात गरजेची भेट वर्षाला २० रुपयांची आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या, बचत खातं असलेल्या कोणालाही २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर १ लाख. माडावर चढणारा, आंबे काढणारा, होडीवरचा खलाशी, रात्री पाणंदीतून चालणारी माणसं, ही सगळी इथलीच आहेत. जोडीला प्रधानमंत्री जीवनज्योती विमा: १८ ते ५० वयात नाव घालता येतं, संरक्षण ५५ पर्यंत चालतं, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसाला (नॉमिनीला) २ लाख. वर्षाचा हप्ता ४३६ रुपये. सप्टेंबर ते नोव्हेंबरात नाव घातलं तर पहिल्या वर्षापुरते ३४२ लागतात, पुढच्या जूनपासून पूर्ण ४३६. दोन्ही मिळून वर्षाला ४५६. पाचशेच्या आत याहून मोठी भेट मला ठाऊक नाही.

दुसऱ्याच्या नावाने तुम्ही परस्पर अर्ज करू शकत नाही. खातेदाराची सही आणि खात्यातून रक्कम वळती करायची संमती लागते. तेव्हा भेट अशी द्या: दोन्ही अर्ज आधीच छापून न्या, आधार आणि पासबुक बघून भरा, वारसाचं नाव, नातं आणि जन्मतारीख नीट लिहा, सही घ्या आणि बँकेत त्यांच्याबरोबर जाऊन द्या. हप्त्याएवढी रक्कम त्याच दिवशी खात्यात भरा.

यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली, विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडतो आणि घरात कोणाला कळतही नाही. दुसरी, एकाच माणसाचं दोन बँकांतून नाव घातलं जातं. दोन्हीकडून हप्ते जातात, भरपाई मात्र एकदाच मिळते. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट: विमा होता हे वारसाला माहीतच नसतं. अपघात विम्याचा दावा साधारण ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. रस्त्यावरचा अपघात किंवा बुडून मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद हवी. साप चावणं, झाडावरून पडणं यांत लगेच गाठलेल्या दवाखान्याचे कागद पुरावा म्हणून धरले जातात. त्यामुळे अशा वेळी केसपेपर जपून ठेवा, ही सूचना अर्जाच्या प्रतीवरच मोठ्या अक्षरात लिहून द्या. जीवनज्योतीत नवीन नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर कारणाने मृत्यू आला तर रक्कम मिळत नाही, हेही आधीच सांगा.

आता मे महिन्यातला पैसा पुढे नेण्याबद्दल. पोस्टाची आवर्ती ठेव (आरडी) महिना १०० रुपयांपासून उघडता येते. मुदत पाच वर्षं. ६.७ टक्के दराने महिना १०० प्रमाणे भरलेल्या ६,००० रुपयांचे शेवटी सुमारे ७,१३० होतात. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना जो असेल तो त्या खात्याला पाच वर्षं लागू राहतो. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. बागायतदाराला आणि खलाशाला उपयोगी असा एक नियम फारसा कोणी सांगत नाही: हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. सहा हप्ते एकदम भरले तर शंभरामागे १० रुपये, बारा हप्ते एकदम भरले तर ४० रुपये. म्हणजे १,२०० ऐवजी १,१६० भरायचे. दर महिन्याला पोस्टात खेप घालणं जमत नाही म्हणून इथल्या घरांत आवर्ती ठेव बंद पडते. आंब्याचे किंवा काजूचे पैसे हातात आले की त्याच आठवड्यात वर्षाचे बारा हप्ते भरून टाकायचे, मग पावसात विचारच करायला नको.

भेट म्हणून तुम्ही पहिले काही हप्ते भरा. पाचशेत पाच हप्ते होतात. भावाने नव्वद रुपये घातले की ५९० मध्ये सहा हप्ते सुटीसकट भागतात. ज्याचं खातं त्याने स्वतः जायला हवं, आधार, फोटो आणि असल्यास पॅन घेऊन. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेच्या आत, १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला १ रुपया दंड आहे, तो काही मोठा नाही. पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि दोन महिन्यांत पुन्हा सुरू केलं नाही तर पुढे त्यात भरता येत नाही. एक वर्ष हप्ते भरलेले असले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. हे घरी जरूर सांगा, कारण अडीनडीला ठेव मोडायची घाई इथेच होते. तीन वर्षांआधी ती मोडता येत नाही आणि त्यानंतर मोडली तर बचत खात्याचं व्याज मिळतं.

घरात दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलीच्या नावाचं सरकारी बचत खातं. वर्षाला किमान २५० रुपये, खातं आई किंवा बाबांनीच उघडायचं, आत्या-मामांनी पुढे दरवर्षी ओवाळणीचे पैसे त्यांच्या हातात द्यायचे. एखादं वर्ष चुकलं तर ५० रुपये दंड भरून ते चालू होतं. हा पैसा दीर्घ मुदतीचा आहे, मुलगी अठराची किंवा दहावी पास होईपर्यंत त्यातून पैसे काढता येत नाहीत, म्हणून ज्या घरात आज उधारी आहे तिथे ते आधी नको, आवर्ती ठेव बरी.

वहीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ही भेट बहुतेक वेळा चुकीची दिली जाते. दुकानात मिळणाऱ्या छापील हिशेबवहीत वीसेक रकाने असतात, पहिल्या आठवड्यातच माणूस कंटाळतो. त्याऐवजी दोनशे पानी लांब वही आणि एका दोरीने वहीलाच बांधलेलं पेन घ्या. पेन बांधलेलं नसेल तर वही चालत नाही. पहिल्या दोन पानांवर बारा महिन्यांची नावं लिहा. डाव्या पानावर त्या महिन्यात घरात येणारा पैसा, उजव्या पानावर ठरलेले मोठे खर्च: आगोट, शाळा, घरपट्टी, गणपती, दिवाळी, शिमगा. आकडे त्यांना विचारून अंदाजाने भरा. हजाराच्या पटीत असले तरी चालतील. ही दोन पानं भरताना जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या डाव्या बाजूला किती कमी येतं ते घरच्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि वहीचं अर्धं काम तिथेच होतं.

पुढची पानं साधी: तारीख, कशाला, रुपये. एवढेच तीन रकाने. वहीच्या मागच्या बाजूने उलटं उघडून दुकानाच्या उधारीचं पान करा: तारीख, माल, किती, दिले किती, बाकी किती. वाण्याकडे जे खातं चालतं त्याची घरात नोंद नसते. आंब्याच्या वेळी दुकानदार सांगेल तो आकडा देऊन मोकळं व्हावं लागतं. दुकानदार प्रामाणिक असला तरी सहा महिन्यांत चूक होतेच. दर महिन्याला दोन्ही आकडे जुळवायचे, एवढंच. होडीवर जाणाऱ्याच्या घरी आणखी एक पान लागतं: मालकाकडून घेतलेली उचल, तिची तारीख आणि कोणत्या फेरीत किती कापली. हे पान जमल्यास मालकाच्या सहीने ठेवा.

वही कोणाला द्यायची हेही बघा. घरात रोजचे पैसे जिच्या हातून जातात तिला द्या, बहुतेक घरांत ती आई किंवा वहिनी असते. वडिलांच्या हातात देऊन आईने लिहावं अशी अपेक्षा ठेवली तर कोणीच लिहीत नाही. आणि ती चारचौघांत उघडू नका. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, घराची उधारी शेजाऱ्यांसमोर आली तर भेट अपमान ठरते.

दिवाळीला जाणार असाल तर वहीऐवजी पुढच्या वर्षाचं भिंतीवरचं कालनिर्णय, पण तारखा घालून. मेच्या २० तारखेवर लाल पेनाने «विम्याचे ४५६ खात्यात आहेत का», आवर्ती ठेवीची तारीख, वीजबिलाची शेवटची तारीख, घरपट्टीचा महिना, गॅसच्या रबरी नळीची मुदत. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर छापलेली तारीख कोणी बघत नाही. हे एवढं लिहायला पाऊण तास लागतो आणि कालनिर्णय तर घरात रोज बघितलं जातंच.

गळती बंद करणाऱ्या वस्तूंत सगळ्यात आधी पडवीतला दिवा. खळ्यातला आणि पडवीतला दिवा साप-किरडाच्या भीतीने रात्रभर चालू असतो. तो ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर बारा तासांचे महिन्याला साधारण साडेएकवीस युनिट होतात, ९ वॅटच्या एलईडीचे सव्वातीन. अठरा युनिट वाचले. महावितरणचे दर टप्प्याने चढतात, १०० युनिटच्या वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. म्हणून ज्या घराचं बिल शंभराच्या थोडं वर जातं तिथे हा एक दिवा बिलात नीट दिसतो. आधी शेवटची तीन बिलं मागून युनिट बघा. बिल साठ-सत्तर युनिटचंच असेल तर फरक कमी पडेल, तिथे दुसरी भेट निवडा. वॉरंटी असलेलाच एलईडी घ्या. वाडीतल्या शेवटच्या खांबावर व्होल्टेज वरखाली होतं आणि बिगर-नावाचे दिवे एका पावसाळ्यात जातात. खरेदीची तारीख दिव्याच्या बुडावर मार्करने लिहा आणि पावती घरच्या फायलीत ठेवा.

कुकरची नवी रबरी रिंग ही भेट काहींना विचित्र वाटेल, पण गॅस वाचवायला एवढी स्वस्त वस्तू दुसरी नाही. झाकणाच्या बाजूने वाफ जात असेल, शिट्टीला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल, रिंग कडक होऊन तिच्यावर बारीक चिरा पडल्या असतील, तर कुकरचा निम्मा फायदा गेला. गावी फोन करून कुकरच्या बुडाचा फोटो मागवा. त्यावर कंपनी आणि लिटर कोरलेले असतात. झाकण आतून बसतं की बाहेरून हेही विचारा, दोन्हीच्या रिंगा वेगळ्या असतात आणि तीन लिटरची पाच लिटरला बसत नाही. जोडीला त्याच कंपनीचा सुरक्षा वॉल्व्ह घ्या. आणि उकडे तांदूळ पेजेला लावण्याआधी तासभर भिजत ठेवले की लवकर शिजतात, हे घरात पुन्हा एकदा सांगितलं तरी चालेल.

आगर, म्हणजे माड-पोफळीची बाग असेल तर मिरीची मुळं फुटलेली दोन रोपं न्या. पन्नियूर-१ ही जात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आणि इतर चांगल्या रोपवाटिकांत मिळते. मिरवेलीला वेगळी जागा लागत नाही, माड किंवा पोफळ आधीच उभी असते. बुंध्यापासून फूटभर लांब, उत्तर किंवा पूर्वेच्या बाजूला खड्डा घ्या. दक्षिण-पश्चिमेचं ऊन कोवळ्या वेलाला सोसत नाही. वेल वर चढेपर्यंत सुतळीने सैल बांधत राहायचं. गणपतीला लावलेल्या रोपाला पाऊस थोडाच मिळतो, तेव्हा दिवाळीनंतर पाणी घालणारं कोणी आहे का ते आधी विचारा, नसेल तर जूनमध्ये लावा. तिसऱ्या वर्षापासून मिरी लागते. घोसातले एक-दोन दाणे तांबडे झाले की घोस काढायचे, मिनिटभर उकळत्या पाण्यात धरायचे आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवायचे. ओल्याच्या साधारण एक तृतीयांश वजन वाळल्यावर राहतं. घरची मिरी बाहेर विकली नाही तरी मसाल्याच्या खर्चात पकडता येते. रातांब्याचं (कोकमाचं) रोप देणार असाल तर मात्र बियांपासून केलेलं घेऊ नका. त्यातली जवळजवळ निम्मी झाडं नर निघतात आणि फळ धरत नाहीत, हे कळायला सात-आठ वर्षं जातात. मादी झाडाचं कलमच घ्या.

कागदांची फाईल शंभर-दीडशेत येते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकची घेऊ नका. दमट हवेत झेरॉक्सची शाई त्या पिशवीला चिकटते आणि कागद काढताना अक्षरं निघून येतात. कडक, थोडी दुधाळ दिसणारी पिशवी चांगली. क्रम असा लावा: आधार, रेशनकार्ड आणि पॅनच्या प्रती, पासबुकांची पहिली पानं, विम्याचे अर्ज, ठेवींच्या पावत्या, वीजबिल आणि घरपट्टीची शेवटची पावती, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा). डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. तो ताजा काढून द्या, पण घरच्यांसमोर वाचून काढा. सामायिक सातबाऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं अजून असतील तर वारस नोंद राहिली आहे. पीककर्ज, नुकसानभरपाई अडते ती तिथेच. मूळ दस्त लॅमिनेट करू नका. फाईल जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, पावसात ती भिंत ओल धरते. माजघरातल्या ट्रंकेत ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा वारा दाखवा.

फाईलचं पहिलं पान तुम्ही हाताने लिहा: कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत खातं, शेवटचे चार आकडे, ठेव कधी संपते, वारस कोण. पिन आणि पासवर्ड लिहायचे नाहीत. वारसाचा रकाना भरताना जुन्या खात्यांवर लग्नाआधीची नावं निघतात, कधी वारस लावलेलाच नसतो. बँक ठेवींना नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत वारस लावता येतात. त्याच पानाखाली १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लिहा, आणि त्याखाली «पैसे घ्यायला पिन लागत नाही» एवढं वाक्य. फसवणूक कळल्या कळल्या फोन केला तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते.

काय देऊ नये तेही स्पष्ट सांगते. सराफाची महिन्याची सोनं योजना, ओळखीच्या पतसंस्थेतली जास्त व्याजाची ठेव, आणि विमा-गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, या भेट म्हणून नकोत. बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला नाही, सराफाच्या योजनेलाही नाही. आणि भेट तुमची असली तरी पुढचे हप्ते त्यांना न झेपणारे असतील, तर ती भेट नसून ओझं आहे.

वेळेचं गणित नीट धरा. चतुर्थीला बँक आणि पोस्ट बंद असतं, त्यामुळे आदल्या कामाच्या दिवशी पोचत असाल तर त्याच दिवशी अर्ज द्या, नाहीतर गौरी गेल्यावर. गावच्या शाखा डाकघरात कधीकधी नेटवर्क नसतं, सकाळीच जा.

एक भेट पूर्ण फुकट आहे आणि मुंबईशी नातं असलेल्या कोकणी घराला ती हमखास विचारून बघावी. आजोबा गिरणीत किंवा गोदीत होते, त्यांचं तिथल्या बँकेत खातं होतं, पासबुक हरवलं, असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क संपत नाही. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या संकेतस्थळावर ती शोधता येते. खातेदाराचं नाव, बँक, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी एक माहिती लागते. नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून शोधा, जुन्या खात्यांवर आडनावाची स्पेलिंग वेगळीच असते. सापडलं तर त्याच बँकेच्या शाखेत मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रं आणि बँकेचा दावा अर्ज द्यायचा. शोधायला किंवा दावा करायला कोणाही मध्यस्थाला पैसे द्यायची गरज नाही.